कुठं अडलंय?

गुरुवारी सहा वाजता, लिएपायाच्या वाचनालयात,
वरच्या मजल्यावरचं एक टेबल माझं असतं.
पाटी नाही. एक हीटर, तीन खुर्च्या,
आणि खिडकीच्या फटीतून शीळ घालणारा समुद्राचा वारा.

येणारे पहिलं वाक्य एकच बोलतात:
"चालत नाहीये."
काय चालत नाहीये ते सांगता येत नाही त्यांना.
दाताच्या डॉक्टरकडे आणलेल्या पोरासारखे
गालावर हात ठेवून बसतात.
मी विचारते, काय व्हायला हवं होतं?
मग विचारते, आणि झालं काय?
या दोन प्रश्नांच्या मधेच कुठंतरी
निम्म्यांना आपलं दुखणं आपोआप सापडतं,
आणि ते माझे आभार मानतात.
मी घेते. फुकटचे असले तरी.

स्कायद्रीते बेकरीत कामाला. नखांत राईचं पीठ.
तिनं कंस उघडला आणि मिटायचा राहिला,
अन् चाळीस ओळी खाली यंत्र कुरकुरत होतं
दोष भलत्याच ओळीवर ढकलून.
"पण इथं तर काहीच चुकलेलं नाही!" रडकुंडीला आली होती.
मी म्हटलं, भट्टीचं दार उघडं राहिलं
तर तुला कळतं कधी?
ती हसली नाही. बोट ठेवत वर वर गेली,
आणि तिसऱ्या ओळीपाशी थांबली.
पडद्यावर पिठाचा तो ठसा अजून आहे.

मला हे पहिल्यापासून येत नव्हतं.
साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात, एकोणिसाव्या वर्षी,
छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा पोटाशी धरून
मी अर्नोल्ड्सच्या दारात उभी राहिले होते.
त्यानं चष्म्यावरून बघितलं. "पुस्तकात आहे."
पुस्तक रशियन, चारशे पानांचं,
आणि आपण काय शोधतोय तेच मला माहीत नव्हतं.
त्यानंतर अकरा वर्षं मी कुणाला काही विचारलं नाही.
लोक मला हुशार समजत.

इल्ग्वार्स ट्राम चालवतो. गावात मार्ग एकच,
त्यामुळं वाट चुकायची त्याला सवय नाही.
ड्युट्या लावणारा प्रोग्राम लिहीत होता,
आणि लूप थांबेना. पंखा घरघरायला लागला.
उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.
ते सांगून टाकणं सोपं असतं,
लेकराच्या हातातला चमचा काढून घेऊन
आपणच भरवण्याइतकं.
विचारलं, शेवटच्या थांब्यावर काय करतोस?
"वळतो." मग? "परत येतो." मग?
"परत वळतो."
आणि रात्री?
बराच वेळ गप्प बसला.
मग एक ओळ लिहिली त्यानं, आखूडशी,
आणि ट्राम डेपोत गेली.

मागच्या गुरुवारी मात्र त्यानं
माझाच कागद माझ्यापुढं सरकवला,
नवशिक्यांना मी चार वर्षं वाटत आलेला.
"इथं यादी तुम्ही एकपासून मोजलीय."
यंत्र शून्यापासून मोजतं, हे सगळ्यांना
सांगते कोण, तर मीच.
चार वर्षं प्रत्येकाच्या यादीतला पहिला माणूस गळत होता,
आणि कुणी बोललं नव्हतं,
चूक आपलीच असणार म्हणून.
क्षणभर माझं तोंड अर्नोल्ड्ससारखं झालं असावं,
कारण इल्ग्वार्सनं कागद मागं ओढला.
मी तो परत घेतला. पेन्सिल मागितली.

आज दारात एक पोरगा, कोट ओला,
लॅपटॉप पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेला.
"पुस्तकात बघितलं मी आधी," तो घाईघाईनं म्हणाला,
कुणी विचारायच्या आत.
इल्ग्वार्सनं पायानंच खुर्ची पुढं ढकलली.
"बस. कुठं अडलंय?"
पोरगा दाखवायला लागला,
आणि इल्ग्वार्सचे हात कीबोर्डकडे निघाले.
टेबलाखालून मी त्याला लाथ मारली, हलकीशी.